दुपारी मुका होणारा पंच

त्यांचा उजवा कान सरकारी होता. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच सांगत. "डावा घरचा, उजवा सरकारचा," असं म्हणून ते उजव्या कानात कापसाचा बोळा घालून ठेवत आणि फक्त रेडिओ तपासताना काढत. कचेरीत कुणी चुगली घेऊन त्यांच्या उजव्या बाजूला गेलं, की ते खुर्चीसकट वळून डावा कान पुढे करत. एकदा मोठ्या साहेबांसमोरही असेच वळले. साहेबांना तो अपमान वाटला, पण साहेब त्यांच्या रजेबद्दल बोलत होते आणि रजा हा घरचा विषय होता.

आमची अमरावतीची ती कचेरी म्हणजे गावोगावच्या सार्वजनिक रेडिओंचा दवाखाना. त्या काळी सरकार गावाला बॅटरीवर चालणारा एक रेडिओ देई. तो चावडीवर नाहीतर वाचनालयात ठेवायचा आणि संध्याकाळी सगळ्यांनी बसून नागपूरच्या बातम्या, कापसाचे भाव, भजनं ऐकायची. रेडिओ बंद पडला की गावचं पोस्टकार्ड येई, आणि ते पहिल्यांदा माझ्या टेबलावर पडे, कारण आवक-जावक माझ्याकडे होती. 'रेडिओ आधी खरखर करीत असे, आता तेही सोडले आहे.' 'रेडिओ मुका झाला असून गावात लग्नसराई आहे, तरी त्वरित येणे.' अशी एकेक कार्डं. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोन वर्षांनी मला ती नोकरी लागली. आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात. आईला घेऊन मी अमरावतीला खोली केली होती आणि शनिवारी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरत होते. कचेरीत बाई मी एकटीच, म्हणून मला सगळे 'बाई'च म्हणत. आणि त्या सरकारी कानवाल्यांना सगळे 'भाऊ' म्हणत. ते आमचे मेकॅनिक. रोज चांदूर रेल्वेहून येत, आणि गाडी कितीही उशिरा आली तरी कारण सांगत नसत, फक्त मिनिटं सांगत.

गावात गेल्यावर भाऊ रेडिओला हात लावण्याआधी विचारत, "शेवटी काय बोलला?" माणूस गेल्यावर विचारतात ना, तसं. कुणी सांगे बातम्या लागल्या होत्या, कुणी म्हणे गाणं. गाण्यातच गेला की गाणं संपल्यावर, हळूहळू गेला की एकदम, अशी उलटतपासणी अर्धा तास चाले. लोक कंटाळून म्हणत, "भाऊ, पयले उघडून तं पाहा!" पण ते उघडत नसत. कुणी रेडिओला थापड मारून दाखवली, की मात्र त्यांचा पारा चढे. "मारून कोनी खरं बोलते काय बे?"

दुसरा नियम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सेल बदलले तर तार बदलायची नाही, तार बदलली तर सेलला हात लावायचा नाही, आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद करायची. हा नियम त्यांनी घरातही चालवला होता. एकदा पोट बिघडलं, तेव्हा एक दिवस चहा सोडला, दुसऱ्या दिवशी चहा घेऊन तिखट सोडलं, तिसऱ्या दिवशी तिखट खाऊन तूर सोडली. वहिनींनी कंटाळून चौथ्या दिवशी त्यांना सरळ ताक-भात वाढला आणि पोट बरं झालं. भाऊ आठवडाभर वहिनींशी बोलले नाहीत. "आता मले कसं समजन, कायनं बिघडलं होतं?" असं ते मलाच विचारत होते. मी म्हटलं, आता पुन्हा बिघडवून पाहा. त्यांनी ते मनावर घेतलं असतं, म्हणून मी लगेच विषय बदलला.

आणि त्यांचा 'पंच'. लढाईतून उरलेला, एका हातात मावणारा फौजी वायरलेसचा डबा त्यांना अकोल्याच्या जुन्या शहरात भंगारवाल्याकडे सापडला होता. वरची सळई ओढली की तो चालू होई आणि कानाला लावून ऐकायचा. भाऊंनी आतली जोडणी बदलून त्यावर नागपूर धरलं होतं. गावचा रेडिओ गप्प असला की भाऊ कानातला बोळा काढत, पंच कानाला लावत आणि डोळे मिटत. पंचावर आवाज आला तर दोष रेडिओचा. पंचावरही नाही आला तर दोष जागेचा, म्हणजे त्या जागी नागपूर पोचतच नाही. डोंगरांच्या बेचक्यांत अशी गावं असतातही. मग ते तिथल्या तिथे पंचनामा करत, गावच्या दोघांना पंच कानाला लावून खात्री करून घ्यायला लावत आणि त्यांच्या सह्या घेत. तो कागद आला की रेडिओ उचलून दुसऱ्या गावाला द्यायचा हुकूम निघे, आणि तो मी टाइप करी.

असे चार हुकूम मी टाइप केले. पहिले तीन मेळघाटाकडचे, त्यांचं मला काही वाटलं नाही. चौथा दर्यापूरकडच्या एका गावचा होता, आणि रेडिओ चावडीवर नव्हता, आमच्या लोकांच्या वस्तीवर होता.

तिथल्या एका तरुणानं तीन वर्षं अर्ज पाठवले होते. ते सगळे माझ्या फायलीत होते. सुंदर अक्षर, एकही खाडाखोड नाही. वस्तीनं एका खोलीचं वाचनालय केलं होतं, खांब रोवून वर तार ओढली होती, अर्थिंगसाठी जमिनीत सळई पुरली होती, आणि मग कुठे रेडिओ मिळाला होता. चावडीवाल्यांना ते खुपत होतं. रेडिओ जेमतेम आठ महिने बोलला आणि वैशाखात गप्प झाला. भाऊ एसटीनं दर्यापूरला गेले, तिथून सायकलनं गावात. पंचनाम्यात वेळ लिहिली होती दुपारी दोन. रेडिओ मुका, पंचही मुका. त्या तरुणाची आई म्हणाली होती, "साएब, होयीच्या सनापर्यंत चांगला बोलत होता. जागा तं थेच हाय." भाऊंनी तिला समजावलं, की थंडीच्या दिवसांत लांबचा आवाज चुकूनमाकून येतो, तो धरायचा नसतो. मग त्या तरुणाच्या हातात पंच दिला. त्यानं कानाला लावला, काही ऐकू आलं नाही, आणि त्यानं सही केली. त्याच सुंदर अक्षरात. खाली भाऊंचा शेरा होता, 'परतताना सायंकाळी दर्यापूर स्टँडवर पंच तपासला. आवाज स्वच्छ. सबब यंत्रात दोष नाही.'

मला राग आला होता. पण तंत्रातलं मला काय कळतं, आणि नोकरी नवी, असं मनाशी म्हणून मी तो गिळला आणि हुकूम टाइप केला. नंतर गावातून एक कार्ड आलं, चावडीकडून. 'सदर लोकांना रेडिओ सांभाळता आला नाही, पुढील रेडिओ आमच्याकडे द्यावा.' ते मी फायलीला लावलं. त्या तरुणाचा अर्ज पुन्हा कधी आला नाही.

दोन वर्षांनी चैत्रात पंच आमच्या कचेरीतच मुका झाला. अमरावतीत! तिथं जागेला दोष देण्याची सोय नव्हती. भाऊ खानावळीत जेवून, पंच हँडलला अडकवून उन्हातून सायकलवर आले, सवयीनं पंच कानाला लावला, आणि तसेच उभे राहिले. नंतरचे दोन महिने आमच्या कचेरीत दुसरा विषय नव्हता.

नियम तोच, एका वेळी एक. पहिल्या दिवशी सेल बदलले. पंच बोलला. भाऊ खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मुका. मग एक व्हॉल्व्ह बदलला, बोलला, दुसऱ्या दुपारी मुका. मग दुसरा व्हॉल्व्ह. मग कानाला लावायचा भाग. मग सळई घासली. प्रत्येक वेळी बरा व्हायचा आणि प्रत्येक वेळी त्यांना दगा द्यायचा. साहेब म्हणाले, फेकून द्या तो डबा, नवीन मागवू. भाऊंनी डावा कान पुढे केला. कचेरीतले लोक येता-जाता "भाऊ, शेवटी काय बोलला?" म्हणून चिडवायचे. मीही चिडवलं. पण त्यांनी एकाही दिवशी दोन गोष्टी एकदम बदलल्या नाहीत. वहीची पानं भरत गेली. त्यांचे डोळे आत गेले होते, डबा तसाच परत घरी जायचा, आणि तरी ते रोज तोच पेचकस घेऊन बसायचे.

खरं सांगायचं तर ते मला सापडलं. टपालावर मी वेळेचा शिक्का मारत असे, त्यामुळे मला वेळ पाहायची सवय. एकदा त्यांची वही सहज चाळताना मी म्हटलं, "भाऊ, हा मरते दीड ते चारच्या मधात, अन् जिता होते पाचनंतर. शाळेतल्या पोरावानी दुपारी झोपते काय?"

ते उठले आणि पंच खिडकीत उन्हात ठेवला. वीस मिनिटांनी मुका. आत आणून ओल्या फडक्यात गुंडाळला, थोड्या वेळानं बोलू लागला. तीन दिवस ते त्याला उन्हात आणि सावलीत फिरवत होते. शेवटी तापलेला डबा उघडून, आगकाडीच्या टोकानं एकेक सांधा दाबत गेले आणि सळईजवळचा एक सांधा सापडला. कथलाची झाळ वरून चकचकीत, आतून केसाएवढी फट. ऊन लागलं की ती उघडायची, थंड झालं की मिटायची. रोज सावलीत बसून दुरुस्ती करेपर्यंत ती मिटलेली असायची, आणि भाऊंना वाटायचं आपण बरा केला.

मला वाटलं आता पेढे येतील. पण भाऊंनी वही मिटली आणि म्हणाले, "बाई, थे चार पंचनामे काढा."

मी काढले. ते वेळा बघत होते. मी दर्यापूरकडचा कागद सगळ्यांत वर ठेवला होता. 'दुपारी दोन.' आणि खाली 'सायंकाळी आवाज स्वच्छ.' भाऊंनी तो शेरा दोनदा वाचला आणि कागद उलटा ठेवला.

झाळ दुरुस्त करून ते चारही गावांना गेले, आपल्या सुट्या खर्ची घालून. मेळघाटातली तिन्ही गावं खरोखरच बहिरी होती. चौथ्या गावात पंच भरदुपारी खणखणीत बोलला. वस्तीवर खांब होता तसाच होता. भाऊंनी जमिनीतली सळई उकरून पाहिली. उन्हाळ्यात काळी माती फाटते, तशी तिथं हातभर खोल भेग गेली होती आणि सळई त्या भेगेत नुसती लटकत होती, कशाला टेकलेलीच नव्हती. रेडिओला जमीनच मिळत नव्हती. दोन बादल्या पाणी आणि चार पाट्या चिखल, एवढंच काम होतं. त्या दुपारी ते आणखी तासभर बसले असते तर त्यांना ते सापडलं असतं. पण पंचानं निकाल दिला होता.

परत आल्यावर त्यांनी मला हे सगळं सांगितलं. त्या तरुणाला गावानं हसून हसून नकोसं केलं, तो वर्षभरापूर्वीच गाव सोडून बडनेऱ्याला रेल्वेत खलाशी, म्हणजे इंजिनं धुणारा मजूर, म्हणून लागला, हेही सांगितलं. आणि मग माझा दोन वर्षांचा राग बाहेर आला.

मी म्हटलं, "भाऊ, थो रेडिओ पाटलाच्या चावडीवर असता, तं तुमी एवढ्या लवकर उठले असते काय?"

भाऊंनी हात वर नेला, उजव्या कानातला बोळा काढला आणि म्हणाले, "पुन्हा म्हना, बाई."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी बोळा परत घातला आणि वही उघडली. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी टपाल द्यायला गेले तेव्हा भाऊ वर न बघता म्हणाले, "नाई. उठलो नसतो."

त्यांनी साहेबांना अहवाल दिला. त्यात 'माझ्या यंत्रातील दोषामुळे व माझ्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलं होतं, आणि खाली 'रेडिओ चावडीवर असता तर इतक्या लवकर उठलो नसतो' हे वाक्यही होतं. साहेबांनी 'तांत्रिक कारणास्तव' असं करायला सांगितलं. भाऊ महिनाभर रोज सकाळी तोच अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवत राहिले. साहेब थकले. निष्काळजीपणा राहिला, चावडीचं वाक्य तेवढं साहेबांनी लाल पेन्सिलीनं खोडलं. वस्तीला नवा रेडिओ मिळाला, तो हुकूम मी टाइप केला आणि इतका जपून केला की एकही अक्षर चुकलं नाही. भाऊ स्वतः रेडिओ बसवून आले. सळई ओल्या मातीत खोल पुरली, त्या तरुणाच्या आईला पहिलं बटण फिरवायला लावलं, आणि मग चावडीवर जाऊन मंजूर झालेला अहवाल मोठ्यानं वाचून दाखवला.

एवढ्यावर कुणीही थांबला असता. पण पुढच्या शनिवारी बडनेरा स्टेशनवर माझी अकोल्याची गाडी यायला वेळ होता, आणि भाऊ माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, आज गाडी सोडा. मायासंग या."

आम्ही इंजिनं धुतात त्या बाजूला गेलो. तो तरुण पाळीवर होता. सडपातळ, कोपरापर्यंत तेलकट हात. पंचनाम्यावरच्या अक्षरावरून मी त्याची काही वेगळीच मूर्ती केली होती. भाऊंनी नमस्कार केला. पंचनाम्याच्या दिवशी त्याला 'तू' म्हटलं असणार, आज 'तुमी' म्हणाले.

"दोन वर्सांमांगं मी तुमच्या इथं सांगितलं, का आवाज येतच नाई. थे खोटं होतं. यंत्र माहं बिघडलं होतं. तुमचा रेडिओ चांगला होता, अन् तुमी सांभायला बी चांगला होता."

बाकीचे खलाशी काम थांबवून जवळ आले. तो तरुण म्हणाला, "माय सांगत होती, तुमी आल्ते म्हनून. हे गावात सांगितलं?"

"सांगितलं. चावडीवर."

"सगयं?"

भाऊंना तिथं निभावून नेता आलं असतं. अहवालात होतं ते सगळं त्यांनी वाचलंच होतं. पण ते म्हणाले, "एक नाई सांगितलं. साएबानं खोडलं होतं, मी बी मंग वाचलं नाई. रेडिओ चावडीवर असता, तं मी संध्याकायपर्यंत बसलो असतो. सळई उकरून पाहिली असती. तुमच्या वस्तीवरून मी उठलो."

त्या तरुणानं कमरेचं फडकं काढून हात पुसले. सावकाश, एकेक बोट. मग म्हणाला, "हे मले सांगून काय फायदा, भाऊ? मले तं ठाऊकच हाय. थे चावडीवर बोला."

आणि तो कामाला लागला. आम्ही परत फलाटावर आलो. भाऊंच्या कानात बोळा नव्हता, तो कुठेतरी पडला असावा. माझी गाडी गेली होती, पुढची येईपर्यंत आम्ही एका बाकावर बसून राहिलो.

सोमवारी भाऊ कचेरीत नव्हते. चारच्या सुमाराला एसटीतून उतरून सरळ आले. चेहरा उन्हानं काळवंडलेला, ओठ फुटलेले.

मी विचारलं, "बोलले?"

"बोललो. सारे बसले होते. खोडलेलं बी बोललो."

"मंग?"

"कोनी काईच नाई बोललं. एकेक करून उठून गेले. पान्याचं बी कोनं इचारलं नाई."

आमच्याकडे वैऱ्यालाही पाणी विचारतात. मी म्हटलं, "वस्तीवर तरी जायाचं होतं."

"नाई. आज काम चावडीवर होतं."

आमच्या कचेरीच्या दारात सगळ्यांसाठी एक माठ होता. मी रुजू झाले त्या आठवड्यात त्याच्यावरचा पेला नाहीसा झाला आणि ज्यानं त्यानं आपापला पेला आणला. कुणी काही बोललं नाही. भाऊंनीही आपला पितळी पेला आणला. मी घरून सुरई आणून टेबलाखाली ठेवली. चार वर्षांत तिचं पाणी मला कुणी मागितलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नव्हतं.

माठ भरलेला होता. त्याच्या बाजूनंच भाऊ आत आले होते.

"बाई, पानी द्या," ते म्हणाले.

मी सुरई काढली आणि माझ्याच पेल्यात दिलं. त्यांनी तोंड लावून एका दमात प्यायलं. सगळी कचेरी बघत होती. त्यांनी पेला पुन्हा माझ्यापुढे धरला आणि मी तो पुन्हा भरला.